नव्या भाताआधीचे दिवस

भात पिवळं पडायला लागलं की माझ्या बोटांना अजून खाज सुटते. यंदा तर मी विळा जेमतेम दोन दिवस धरला, सुट्टीच तेवढी होती. पण ही खाज यंदाची नाही. कॉलेजच्या तिन्ही वर्षांत सहामाही परीक्षा आणि कापणी बरोबर एका वेळी आली. विद्यापीठाला आमच्या शेताची खबर नव्हती आणि शेताला विद्यापीठाची. सकाळी भाताच्या पातीने बोटं चिरायची आणि दुपारी त्याच बोटांत पेन असायचं. उत्तरपत्रिकेच्या कडेला बारीक तांबूस डाग पडायचे. तपासणाऱ्यांना ते काय वाटले असतील कोण जाणे. शाई वाटली असेल.

आमचं शेत सायवनच्या बाजूला, डोंगराच्या उतरणीवर. वर नागली, खाली भात. आधी हळवं भात पिकतं, मग गरवं. हळवं कापलं की त्या तुकड्यातून ओल्या गवताचा, थोडासा दुधासारखा वास येतो आणि दोन दिवसांच्या उन्हात तो कोरडा, भाजल्यासारखा होतो. वर चतुर घिरट्या घालत असतात. शेणाने सारवलेलं खळं दुपारी इतकं तापतं की पाय टेकवत नाही, आणि तरी चपला बाहेरच काढायच्या, कारण खळ्यात चपला घालून कोणी जात नाही. मी नोट्सचे कागद बांधावर दगडाखाली ठेवायची. भारा वाहून नेताना एक परिच्छेद, परत येताना पुढचा. बा वरून ओरडायचा, "वाचतेस का दगडाची राखण करतेस?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये? माझ्या आधी आमच्या पाड्यातली पोरं दहावीनंतर फुग्याच्या कारखान्यात, नाहीतर चिकूच्या वाडीत, नाहीतर गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून गेली. २०१४ साली मी बी.ए.ला नाव घातलं तेव्हा बाची फार इच्छा होती की मी नर्स व्हावं. नर्स काय करते ते त्याला माहीत होतं. पोलीस काय करतो, मास्तर काय करतो, तेही माहीत होतं. दुसऱ्या वर्षी मी इंग्रजी वाङ्मय घेतलं तेव्हा त्याने फक्त एक प्रश्न विचारला.

"हे शिकून माणूस काय करतो?"

"वाचतो," मी म्हटलं.

"ते तर तू आताही वाचतेस."

"लिहितोपण."

"कोणाला?"

बाचे प्रश्न तसे सरळच असतात, खळ्यात उपणताना वारा कुठून आहे ते विचारावं तसे. पण तो 'कोणाला' माझ्या डोक्यात अडकून राहिला. आता मी तलासरीच्या बाजूला अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तीही मला हेच विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात: "मॅडम, लिटरेचर घेऊन स्कोप काय?" स्कोपचं मला खरंच माहीत नाही. मला एका कापणीचं माहीत आहे, २०१६ची. मुलांना काही सांगायचं झालं की मी मनात त्या दिवसांकडे जाऊन येते.

परीक्षा नसेल तेव्हा पहाटेची एसटी असायची. गाडीत पाड्यातल्या बायकांशी आमची बोली, कंडक्टरशी मराठी, डहाणू रोडला उतरल्यावर दुकानात गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. इंग्रजी पाचवी. चार भाषांत भाव करता येणारं माणूस पाचवीला कशाला घाबरेल, असं मी स्वतःला बजावायची आणि मग वर्गात तोंड उघडायला महिना लावायची. खिडकीतून समुद्राकडचा वारा यायचा, त्याला कधी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, कधी टेम्पोत भरलेल्या चिकूचा.

आणि पुस्तकं! इंग्लंडातल्या मोठमोठ्या घरांच्या कादंबऱ्या. त्यांत सगळे खूप बोलतात, खूप चालतात आणि कोणाचं लग्न कोणाशी होणार याची काळजी करतात. इथपर्यंत मला काही परकं वाटलं नाही, आमच्या विहिरीवरही हेच चालतं. मला कुतूहल वेगळ्याच माणसांचं. दर चार पानांनी एक मोलकरीण यायची, चहा ठेवायची, दार लावून जायची. ती कुठे जायची? तिच्या घरी काय शिजलं असेल? एकदा मी हे वर्गात विचारलं आणि पोरं हसली. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बोर्डीच्या, घरी गुजराती बोलणाऱ्या. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी सूर किंचित वर जायचा. त्या म्हणाल्या, "हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नाही. का नाही पडला?" आणि खरंच खुर्चीत बसून विचार करायला लागल्या. शिकवणारं माणूस आपल्यासमोर अडतं आणि त्याची त्याला लाज वाटत नाही, हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. घरी येताना एसटीत मला वाटलं, बाला सांगावं: हे शिकून माणूस असा अडतो. मग म्हटलं, नको. तो म्हणेल त्यासाठी एवढं लांब कशाला जायला पाहिजे?

तिसऱ्या वर्षी एका पेपरात स्वतः लिहायचं होतं. मॅडमनी विषय दिला: तुमच्या घरातली एक आठवण. सप्टेंबर संपत होता. शेताकडे बघितलं की काय लिहायचं ते समोरच उभं होतं.

आमच्याकडे नवा भात असाच खात नाहीत. कापलं, झोडलं, घरात आणून कणगीत भरलं, तरी त्यातला दाणा शिजवायचा नाही. आधी 'नवं' व्हावं लागतं. म्हणजे एक दिवस ठरवून सगळी भावकी जमते, नव्या तांदळाचा भात देवाला आणि मेलेल्या वाडवडलांना ठेवतात, मग सगळे मिळून खातात. भावकीतलं एक जरी कर्तं माणूस बाहेर असलं तर थांबायचं. मी आठ वर्षांची असताना थोरला काका बोटीवर होता. बोट लांबली. दिवाळी झाली, त्याच्यानंतरचा बाजार झाला, काका आला नाही. जुना तांदूळ संपला. घरात कणगी काठोकाठ भरलेली, आणि तिच्यासमोर बसून आम्ही भाताशिवाय जेवत होतो. मी रोज आईला विचारायची, "आज?" ती म्हणायची, "आज नाय."

हे मी इंग्रजीत लिहायला बसले, खळ्याच्या कडेला, मांडीवर वही घेऊन. 'नवं' कसं सांगायचं ते कळेना. सांगायला गेले की अर्धं पान नुसतं समजावण्यात जायचं आणि मजकूर शाळेतल्या निबंधासारखा दिसायचा. मग मी तो भाग काढून टाकला. राहिलं एवढंच: घरात तांदूळ भरलेला आहे, लहान मुलगी रोज मागते, आई रोज नाही म्हणते. काका काढला, देव काढला, वाडवडील काढले. शेवटी मुलगी कणगीला कान लावून झोपते. वाचून मला स्वतःलाच गलबलून आलं. इतकं चांगलं मी आधी कधीच लिहिलं नव्हतं.

वर्गात वाचलं तेव्हा कोणी हललं नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. लेख कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागला आणि ठरलं की डिसेंबरच्या कार्यक्रमात, बाहेरून पाहुणे येतील तेव्हा, मी तो व्यासपीठावरून वाचायचा. मी त्या दिवशी एसटीत उभी होते तरी बसल्यासारखं वाटत होतं.

त्याच कॉलेजात कॉमर्सला माझा चुलतभाऊ दिनेश होता. थोरल्या काकाचा मुलगा, म्हणजे ज्याच्या बापासाठी आम्ही थांबलो होतो तोच. त्याने भित्तिपत्रकाचा मोबाईलवर फोटो काढला आणि कौतुकाने घरी आणला. आम्ही खळ्यात भारे झोडत होतो. तो पेंढ्याच्या ढिगावर बसला आणि एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगायला लागला. आईने हातातला भारा खाली ठेवला, कौतुक नीट ऐकायला. मी फळीवर भारा आपटतच राहिले, कारण मला तेव्हाच कळलं होतं काय होणार आहे.

त्याचं सांगून झालं. आईने विचारलं, "पुढं?"

"पुढं नाय काकी. संपलं."

"तुझा बा बोटीवरून कवा आला?"

"माझा बा यात नायच," दिनेश म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "बुडवला हिने त्याला."

आई हसली नाही. ती आमच्या बोलीत बोलली, इथे मी ते वाचणाऱ्यांना कळेल असं लिहिते. "म्हणजे घरात भात होता आणि मी पोरीला उपाशी ठेवलं."

"तसं नाही लिहिलं मी, आई."

"मग लिहिलंय कसं?"

"घरात तांदूळ होता हे खरं. तू दिला नाहीस हेही खरं."

"आणि का नाय दिला?"

मी पुढचा भारा उचलला.

"तुला आठवतं तरी का त्या दिवसात तू काय खाल्लंस?" आईचा आवाज चढला. "नागलीची भाकर होती, सुकट होती. रानातले करांद्याचे कंद उकडून ठेवलेले, ते खाऊन खाऊन तुझं पोट बिघडलं. तीन दिवस तुझ्यामागे तांब्या घेऊन फिरत होते मी. ते लिहिलं?"

दिनेश पेंढ्यावर आडवा पडून हसायला लागला. बा उपणायचं सूप हातात धरून थांबला आणि म्हणाला, "इंग्रजीत पोट बिघडत नसेल."

आईने भारा परत उचलला. दोनदा फळीवर आपटला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्या कॉलेजात कवा गेले नाय. तिथल्या माणसांनी मना बघितली नाय. आता तिथं मी कोण? पोरीला भात न देणारी. ते वाचणार आहेस ना तू, लोकांसमोर? मी येणार. तुझ्याकडे नाय बघणार, लोकांच्या तोंडांकडे बघणार."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस परीक्षेचे होते. मी पेपर लिहीत होते आणि डोक्यात दुसरंच चालू होतं. मला अपराधी वाटत होतं, हो, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. मी खोटं बोलायला बसले नव्हते. मग हे झालं कसं? मी काढून टाकलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर लेख सुबक होत गेला आणि आई कठोर होत गेली. आणि वाचणाऱ्यांना ती आई ओळखीची का वाटली? डोंगरातलं घर, मुलगी, भूक. कुणी काही विचारलंच नाही. मीही विचारलं नाही, मी तर तिथे होते! इंग्लंडातली मोलकरीण दार लावून कुठे गेली हे विचारणारी मी, आणि स्वतःच्या आईला चार वाक्यांत उभी करून दार लावून मोकळी झाले होते.

कधी कधी वाटतं, मी नर्सिंगला गेले असते तर ही चूक माझ्या हातून झालीच नसती. झाली नसती हे खरं, पण ती मला दिसलीही नसती. आमच्याबद्दल बाहेरचे लोक जे लिहितात ते वाचून 'बरोबर, गरीबच आहोत आपण' म्हणून मी मान डोलावली असती. वाक्य कसं उभं राहतं ते शिकल्यावरच त्याच्यामागे कोण उभं राहिलंय ते शोधता येतं. आता एवढं नीट सांगते, तेव्हा काही सांगता येत नव्हतं.

शेवटचा पेपर झाला आणि मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. 'नवं' म्हणजे काय, काका, बोट, करांदे. करांद्यांना त्या हसल्या, मग एकदम थांबल्या.

"मी तुला विचारायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "तिने का नाही दिला, एवढंच. मी वाचलं आणि मला वाटलं, मला माहीत आहे."

"मला पुन्हा लिहायचंय."

"लिही. पण एक सांगते, राग नको मानूस. पहिल्यात ताकद आहे. ते वाचलंस तर हॉल रडेल. दुसरं कदाचित नाही जमणार इतकं."

"आई येणार आहे, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तर नाही जमलं तरी लिहावं लागेल."

आणि ते खरंच जमत नव्हतं. मी चार वेळा लिहिलं. दर वेळी कुठेतरी अडायची आणि आईकडे जायची. त्याआधी मी तिला कधी एवढे प्रश्न विचारले नव्हते. काका आल्याचं कोणी सांगितलं? त्या दिवशी कोणी भात शिजवला? पहिला घास कोणाचा? ती सुपात भात पाखडत उत्तरं द्यायची, सुरुवातीला तुटक. "तुला काय करायचंय?" मग हळूहळू तीच आठवून आठवून सांगायला लागली. काका आला तेव्हा त्याच्या अंगाला मासळीचा वास होता आणि आजोबांनी त्याला आधी नदीवर पिटाळलं. पहिला घास मेलेल्यांचा, मग जिवंतांत सगळ्यात म्हाताऱ्याचा, आणि पोरं शेवटी. "का शेवटी?" मी विचारलं. ती थांबली, सुपातलं तूस फुंकलं. "पोरांना घाई असते म्हणून," म्हणाली. हे तिने तेव्हाच ठरवलं की खरंच असं आहे, मला माहीत नाही. मी लिहून घेतलं. एकदा तर मी काही विचारलं नव्हतं तरी बांधावर येऊन म्हणाली, "आणि त्या दिवशी तुझ्या बाने तीन वेळा भात घेतला, तेपण घाल." बा लांबून म्हणाला, "दोन वेळा." "तीन," आई मला म्हणाली, "तीन लिही."

'नवं'साठी मी शेवटी शब्द शोधलाच नाही. तो दिवसच पूर्ण लिहिला, कोण आलं, कोण कुठे बसलं, किती वेळ थांबलो. थांबणं मोठं झालं आणि भूक आपोआप लहान झाली. मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी खूण केली, एक शब्द बदलला आणि म्हणाल्या, "हे लांबलंय." मग म्हणाल्या, "असू दे."

डिसेंबरात कार्यक्रमाला आई आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत फूल. पहिल्यांदाच कॉलेजच्या जिन्यावर चढताना तिने पायातल्या चपला काढल्या होत्या, दिनेशने तिला परत घालायला लावल्या. ती दुसऱ्या रांगेत कडेला बसली, आणि बोलल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलंच नाही. खुर्चीत अर्धी वळून ती लोकांच्या तोंडांकडे बघत होती, एकेकाच्या, बाजारात कोंबडी निवडावी तशी.

मी इंग्रजीत वाचायला लागले. पहिल्या लेखाला वर्गात मिळालेली ती शांतता इथे नव्हती. कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. मी वाचत राहिले: कणगी, काका, रोजचं "आज?" आणि "आज नाय". मग तो भाग आला जो चौथ्या वेळी लिहिताना मला अचानक आठवला होता. एका दुपारी, काका यायच्या आदल्या आठवड्यात, मी आणि दिनेशने कणगीच्या भेगेतून मूठभर भात काढलं आणि परसात जाऊन कच्चंच चावलं. घरात आले तर आईने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "काही नाही खाल्लं तर त्याचं तूस हनुवटीला कसं?"

हॉल हसला. मागच्या रांगेतला दिनेश सगळ्यात मोठ्याने. पाहुण्यांतल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसल्या, मॅडम हसल्या. आई हसणाऱ्या तोंडांकडे बघत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि तिच्या कपाळावर आठी होती. मी पुढचं पान उलटलं.

टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. कोणी रडलं नाही. नंतर डहाणू रोडच्या स्टँडवर आम्ही सायवनच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. आईने केसांतलं फूल काढून पदराच्या टोकाला बांधलं. मग म्हणाली, "मना वाटलं हळहळतील. तशी तोंडं मना ओळखू येतात, चिकूच्या वाडीवर कामाला जाते तिथल्या मालकिणी तशा बघतात. एकाचंपण तसं तोंड नव्हतं." मग तिने विचारलं, "मध्येच हसले ते कशाला?"

मी तिला सांगितलं. भेग, मूठ, हनुवटीचं तूस.

"मी तसं म्हणाले होते?"

"तसंच म्हणाली होतीस."

ती आठवत राहिली. गाडी आली, माणसं पुढे सरकली.

"मग बरोबर हसले," आई म्हणाली, आणि खिडकीची जागा धरायला माझ्या आधी चढली.